आधी शेपटाला पाणी

एकदा एक नदी होती आणि तिच्या काठी पाच वाड्या होत्या, ज्यांचं एकमेकींशी कधी म्हणून पटत नसे. नदी कुठली, वाड्या कुठल्या, असं विचारू नका. जिथे माणसं आहेत आणि पाणी पुरत नाही, तिथली कुठलीही समजा. तर या पाच वाड्यांच्या पूर्वजांनी भांडून भांडून दमल्यावर एक शहाणपणा केला. पाची वाड्यांनी मिळून नदीवर दगडी बंधारा बांधला, त्यातून एक लांब पाट काढला, आणि पाण्याची पहिली धार सुटण्याआधी बंधाऱ्यावरच्या एका उभ्या शिळेवर आपला करार कोरून ठेवला. त्या करारातून पाच वाड्यांचं एक गाव झालं. गावाचं नाव सांडवे.

करार लहानसाच होता. बंधारा पाचांचा आहे, एकाचा नाही. पाण्याला मालक नाही, पाळी आहे. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी आधी पाटाच्या शेपटाला पाणी द्यावं आणि तिथून पाळी वर चढत यावी. ज्याला कमी मिळेल त्याने सभेत उभं राहून सांगावं. आणि सांगणारा लहान असो की थोर, त्याला कोणी गप्प करू नये.

वाचायला दोन घटका लागत नाहीत, पण यामागचा विचार बघा! पाटाच्या तोंडाशी बसलेल्याला पाणी चोरावं लागत नाही, नुसती पाणी अडवणारी फळी उचलली की झालं. शेपटाकडच्याला मात्र वरच्या चार वाड्यांच्या दयेवर जगावं लागतं. म्हणून पूर्वजांनी पाळी उलटी लावली. शेपटाचं रान भिजल्याशिवाय वरच्याला पाणी नाही म्हटल्यावर वरचा झक मारत सगळा पाट साफ ठेवतो, गळती बुजवतो, कुठे फुटला तर धावत जातो. दुसऱ्याच्या भल्यात स्वतःचं भलं असं बांधून टाकलेलं. आजच्या मोठमोठ्या विद्वानांना जमेल का हो?

पण पूर्वज गेले आणि उरला दगड. आपल्या लोकांना दगड दिसला की हात जोडायची भारी हौस. दरवर्षी बंधाऱ्याच्या सणाला शिळेला आंघोळ घालायची, तेल-शेंदूर लावायचा, हार चढवायचा, नारळ फोडायचा. वर्षानुवर्षांचा शेंदूर त्या अक्षरांत असा भरला की करार दिसेनासा झाला. शिळेला लोक 'पाटदेव' म्हणू लागले. पाटदेवाला नवस बोलले जाऊ लागले. त्याच्या पोटात काय लिहिलं आहे, हे मात्र कोणी विचारीना.

मग एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. बंधाऱ्यात पाणी बेताचंच. वरच्या वाडीत त्र्यंबकशेट नावाचे गुळाचे मोठे व्यापारी राहत होते आणि पाटाच्या तोंडाशी त्यांचा अफाट ऊस उभा होता. त्यांनी फळी उचलली. ऊस भिजला, मग वरच्या वाडीचं बाकी रान भिजलं, मग खालचं थोडंफार. पाटाच्या शेपटाला जी खालची वाडी, तिच्यापर्यंत ओलसुद्धा पोचली नाही. तिथला हरभरा उभ्याउभ्या जळला. आणि खालच्या वाडीची माणसं काय म्हणाली? "आपलं नशीबच शेपटाला, त्याला कोण काय करणार?" पाटदेवाला आणखी एक नारळ फोडून ती घरी गेली. अरे, ज्या दगडावर तुमचा हक्क लिहिलाय त्याच दगडावर नारळ फोडता आणि हात हलवत परत येता? राग येतो, खरंच राग येतो.

असाच राग एका तरुणाला आला. त्याचं नाव हिरामण. तो खालच्या वाडीचाच, गावच्या मोठ्या शाळेत शिक्षक. हंगाम सरल्यावर शिळा धुण्याचं काम त्या वर्षी शाळेकडे आलं होतं. इतरांनी वरवर पाणी मारलं असतं. हिरामणने शेंदराचे थर खरवडले, खालची अक्षरं मोकळी केली आणि ती शेवटपर्यंत वाचली. त्याच्या बापाचा हरभरा डोळ्यांदेखत जळला होता, आणि तो जळू द्यायचा नाही असं पूर्वजांनी लिहून ठेवलं होतं.

तो तडक गेला आप्पांकडे. आप्पा म्हणजे सांडव्यातला वृद्ध, ज्ञानी माणूस. हिरामणला त्यांनीच घडवलेलं. गावात त्यांचा शब्द सहसा कोणी मोडत नसे.

"आप्पा, हा करार पाची वाड्यांच्या शाळांत शिकवलाच पाहिजे," हिरामण म्हणाला. "सक्तीने. प्रत्येक पोराला. ज्याला शिकवायचा त्याने शिकवावा, असलं ढिलं काम नको. खालच्या वाडीच्या पोरांना कळलं असतं, तर त्यांचे बाप नशिबाला बोल लावत बसले नसते."

आप्पा म्हणाले, "मला मान्य आहे. सभेला मान्य करव."

सभेत पुष्कळ खल झाला. कोणी म्हणालं, पोरांना हिशेब येत नाहीत, त्यात हे जुनं पुराण कशाला? कोणी म्हणालं, देवाचं देवापाशी राहू द्या. त्र्यंबकशेट तर सुरुवातीला चांगलेच तापले. पण चार दिवसांनी शेटजींचा नूर पालटला. भर सभेत ते गोड आवाजात म्हणाले, "शिकवा की! आपल्या पूर्वजांची वाणी आहे. पोरांनी रोज सकाळी हात जोडून, एका सुरात म्हटली तर कान तृप्त होतील. चांगलं पाठ म्हणणाऱ्यांना माझ्याकडून गूळ."

हिरामणला स्वर्ग दोन बोटं उरला. सभेने ठरवलं की हे वर्षभर करून बघावं. पुढच्या सणाला आप्पांनी मुलांची परीक्षा घ्यावी. त्यांनी हो म्हटलं तर करार पाची वाड्यांच्या शाळांत कायमचा सक्तीचा. नाही म्हटलं तर विषय कायमचा बंद.

हिरामणने वर्षभर जिवाचं रान केलं. सकाळी करार, दुपारी करार, सुट्टी होताना करार. सगळ्या वाड्यांची पोरं त्याने ओळीत बसवून घोकून घेतली. एखाद्याचा एक शब्द चुकला तर सगळी ओळ पुन्हा पहिल्यापासून. आया सांगत, पोर झोपेतही "पाण्याला मालक नाही, पाळी आहे" असं बरळतं. हिरामणला हे ऐकून कृतार्थ वाटे. आपल्या वाडीचा जळलेला हरभरा आता पुन्हा जळणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती.

त्या वर्षीही पाऊस कमीच पडला. सणाचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी पाट सुटायचा होता. शाळेच्या पटांगणात पाची वाड्यांची माणसं जमली. मुलं रिवाजाप्रमाणे वाडीवार बसली, पुढे वरच्या वाडीची, मग त्याखालची, आणि सर्वांत मागे खालच्या वाडीची. शेटजींनी कबूल केल्याप्रमाणे गुळाची टोपली पाठवली होती. आप्पा काठी टेकत आले, खुर्ची नको म्हणाले आणि टोपली उचलून उभे राहिले.

"म्हणा," ते म्हणाले.

मुलांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं. काय तो स्वर! काना-मात्रा इकडची तिकडे नाही. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेटजींनीही मान डोलावली.

मुलं म्हणतच होती आणि आप्पा वाटू लागले. पहिल्या रांगेपासून. वरच्या वाडीच्या पोरांचे जोडलेले हात उघडून त्यांत त्यांनी ओंजळ ओंजळ गूळ घातला. दुसऱ्या रांगेला मूठमूठ. तिसऱ्या रांगेला चिमूटचिमूट. मुलं त्या वेळी म्हणत होती, "टंचाईच्या साली आधी शेपटाला द्यावे, मग वर चढत यावे." चौथ्या रांगेला टोपलीच्या तळाचा चुरा आला. आणि खालच्या वाडीच्या रांगेसमोर येऊन आप्पांनी टोपली पालथी करून झटकली. रिकामी. पोरं म्हणत राहिली. मोठी माणसं ऐकत राहिली. कोणाच्या काही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर कोणी ते तोंडावर दिसू दिलं नाही. आप्पांसारखा माणूस काही करतो तर त्यात काहीतरी अर्थ असणारच, नाही का?

एवढ्यात शेवटच्या रांगेतून एक आवाज आला. "आप्पा, तुमचं चुकलं."

सगळा सूर तुटला. खालच्या वाडीच्या उखाजीची मुलगी सुपडी उभी राहिली होती. परकर-पोलक्यातली, नऊ-दहा वर्षांची पोर, डोळे टक्क उघडे. "तुम्ही उलटं वाटलं. टोपलीत गूळ कमी होता. मग आधी आम्हाला..."

"सुपडे!" हिरामण कडाडला. त्याचा चेहरा लाजेने लाल झाला होता. परीक्षेच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर, आप्पांना असं बोलावं? "खाली बस आधी! मोठ्या माणसांशी असं बोलतात का? हेच शिकवलं मी तुम्हाला?"

सुपडी खाली बसली. तिचा बाप उखाजी गर्दीतून ओशाळून म्हणाला, "पोर वेडी आहे, गुरुजी. माफी करा." हिरामणने हात जोडून आप्पांकडे पाहिलं आणि मुलांना खूण केली. पुन्हा पहिल्यापासून. मुलांनी पुन्हा डोळे मिटले आणि करार शेवटपर्यंत म्हणून टाकला. त्यातलं शेवटचं वाक्य तुम्हाला आठवत असेलच. "सांगणाऱ्याला कोणी गप्प करू नये." तेही त्यांनी अगदी सुरात म्हटलं.

आप्पांनी टोपली खाली ठेवली. "परीक्षा झाली," ते म्हणाले. "एक जण नापास."

गावात कुजबुज सुरू झाली. ती पोरगीच असणार, दुसरं कोण? एका पोरीच्या आगाऊपणापायी वर्षभराची मेहनत पाण्यात गेली, असं हिरामणला वाटलं. आप्पांनी त्याला खूण करून शाळेच्या ओसरीवर बाजूला नेलं.

"आप्पा, एका पोरीसाठी सगळा विषय बंद करू नका," तो कळवळून म्हणाला. "बाकी सगळ्यांनी किती स्वच्छ म्हटलं. तिला मी समजावतो."

"नापास ती नाही रे," आप्पा म्हणाले. "तू."

"मी?" हिरामणने विचारलं.

"मी जाणूनबुजून करार मोडला. तुमच्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मोडला. शेकडो माणसं बसली होती, सगळ्या पोरांना करार पाठ, आणि तो मोडताना दिसला एकीला. ती पूर्वजांनी सांगितलं तसंच वागली. उभी राहिली, आपल्याला कमी पडलं म्हणून सांगितलं. आणि गप्प कोणी केलं तिला? त्र्यंबकने नाही. मी नाही. ज्याच्या बापाचा हरभरा जळला, त्याने केलं."

हिरामणची मान खाली गेली. "आप्पा, मी तुमचा मान राखायला गेलो."

"तिथेच तर गफलत झाली! माझा मान मोठा आणि करार लहान, हे तू आज सगळ्या पोरांना शिकवलंस. वर्षभर जे शिकवलं ते त्यांच्या ओठांवर राहील, आज जे शिकवलं ते पोटात जाईल. त्र्यंबक इतका सहज का वळला, तुला कधी प्रश्न पडला नाही? डोळे मिटून, हात जोडून म्हणणाऱ्या पोरांची त्याला कसली भीती? दगडाला शेंदूर फासला की दगड गप्प बसतो. तू पोरांना सुराचा शेंदूर फासलास."

हिरामणच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मग काय करू? शिकवणं सोडून देऊ?"

"खुळा की काय!" आप्पा जवळजवळ ओरडलेच. "शिकवायचं. सक्तीनेच शिकवायचं. ज्या पोरीला करार माहीतच नसता, ती काय म्हणाली असती? आपलं नशीब, दुसरं काय. तुझ्या पाठांतरानेच तिला शब्द दिले, त्याला नावं ठेवू नकोस. पण शब्द दिलेस तर ते वापरूही दे. तुझ्याविरुद्ध वापरले, माझ्याविरुद्ध वापरले, तरी वापरू दे. आमचे पूर्वज म्हणायचे, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात. गावाचा करार जिवंत आहे की मेला, हे ज्याला कमी मिळालं त्याला तोंड उघडता येतं का, त्यावरून ओळखायचं. जा आता. सभा अजून उठलेली नाही."

ते परतले तेव्हा शेटजी उभे राहून समारोप करत होते. "मुलांनी झकास म्हटलं. ती एक पोर सोडली तर कसली शिस्त! माझं म्हणणं, आप्पांनी मान्यता द्यावी, ठराव व्हावा आणि आपण जेवायला बसावं."

हिरामण मध्ये जाऊन उभा राहिला. काय गंमत आहे पहा, त्याला हवा होता तो ठराव समोर वाढून ठेवला होता. नुसतं गप्प राहिला असता तर पदरात पडला असता.

"सभा अजून संपलेली नाही," तो म्हणाला. "सुपडे, उभी राहा. मघाशी जे सांगत होतीस ते सांग."

सुपडी जागची हलली नाही. "नको. तुम्ही रागवाल."

या तीन शब्दांनी हिरामणच्या काळजाला जो घाव बसला, तो आप्पांच्या सगळ्या बोलण्याने बसला नव्हता. तो मुलांच्या रांगांमधून चालत शेवटपर्यंत गेला आणि तिच्यासमोर खाली बसला, मातीत, गुडघे टेकून. "चूक माझी झाली, पोरी. करारात लिहिलंय की सांगणाऱ्याला गप्प करू नये, आणि मी तुला गप्प केलं. मला तो हक्क नव्हता. गुरुजीला पण नसतो. बोल."

सुपडी उठली. आधी बापाकडे पाहिलं, मग आप्पांकडे. "गूळ कमी होता. कमी असलं की आधी शेवटच्याला द्यायचं. आप्पांनी पहिल्यांना दिलं, मग आम्हाला उरलंच नाही."

"बरोबर आहे," आप्पा मोठ्याने म्हणाले. "माझं चुकलं."

आप्पांनी चूक कबूल केली! आणि एकदा बांध फुटला की पाणी थोडंच थांबतं? सुपडी तेवढ्यावर बसली नाही. "आणि पाण्याचं पण असंच झालं होतं. मागच्या साली पाणी कमी होतं, तर आधी शेटजींच्या उसाला का दिलं? आमचा हरभरा जळला."

उखाजी घाबरून पुढे धावला. "बस गं! बस खाली!"

"उखाजीदादा," हिरामण म्हणाला, "तिला बोलू द्या." तो बाजूला झाला नाही.

शेटजी हसले. पण ते हसू ओठांच्या पलीकडे गेलं नाही. "लहान पोर आहे. तिला शेतीतलं काय कळतं? पूर्वीपासून पाणी वरून खालीच जात आलंय."

तेव्हा मधल्या वाडीचा एक शेतकरी चाचरत उठला. "शेटजी, पण करारात तर तसं नाही. माझा पोरगा वर्षभर घरी घोकतोय. मी ऐकायचो, पण ते आपल्या पाटाचं आहे हे कधी डोक्यातच आलं नाही." त्याच्या मागे दुसरा उठला. मग खालच्या वाडीचे लोक, ज्यांनी सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं, ते एकेक करून उभे राहू लागले. कोणी ओरडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. नुसते उभे राहिले.

शेटजींचा संयम सुटला. "मग असं करा, उद्या पाट कुठून सोडायचा ते या पोरांनाच विचारा!" ते उपहासाने म्हणाले. "तीच आता गाव चालवणार ना? सांगा रे, सांगा! पाणी आधी कोणाला?"

हिरामणने खूण केली नाही. हात वर केला नाही, सूर धरून दिला नाही. मग वरच्या वाडीच्या पहिल्या रांगेतला एक मुलगा, ज्याच्या तोंडाला अजून गूळ चिकटलेला होता, सरळ शेटजींकडे बघत म्हणाला, "शेपटाला." त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "आधी शेपटाला." मग मागचे, मग बाकीचे. पुढे-मागे, चढ्या-उतरत्या आवाजात, अजिबात एका सुरात नाही. आणि या खेपेला एकाही पोराचे डोळे मिटलेले नव्हते.

त्र्यंबकशेटनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि ते खाली बसले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणू शकले नाहीत. व्यापारी माणूस, आपला माल आता इथे खपणार नाही हे त्याला चटकन कळतं.

आप्पांनी ठरावाला मान्यता दिली, आणि दुसऱ्या दिवशी पाटाचं पहिलं पाणी खालच्या वाडीच्या रानात गेलं. त्या दिवसापासून सांडव्याच्या प्रत्येक शाळेत प्रत्येक मुलाला करार शिकवला जाऊ लागला, सक्तीने. फक्त हिरामणने एक रीत पाडली. करार म्हणून झाला की तो मुलांना विचारायचा, "आता सांगा, या आठवड्यात आपल्या शाळेत तो कुठे मोडला? माझ्याकडून मोडला असेल तर आधी ते सांगा." सुरुवातीला कोणी बोलेना. पुढे पुढे इतके बोलू लागले की बिचाऱ्याला घाम फुटे. पण त्याने कोणाला खाली बसवलं नाही.

आपल्याकडेही शाळाशाळांतून मुलं सकाळी रांगेत उभी राहून संविधानाची उद्देशिका म्हणतात. फार चांगली गोष्ट आहे, म्हटलीच पाहिजे, कोणी नको म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. फक्त त्यातलं एखादं लेकरू उद्या घरी येऊन "बाबा, हे तुमचं चुकलं" म्हणालं, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल, याचा आजच विचार करून ठेवा.